तिसऱ्या खुर्चीतला वैमानिक

नागपूरच्या विमानतळावर तपासणीच्या रांगेत उभा असतानाच कॅप्टन प्रज्ञेश मेश्रामचं मनगटावरचं घड्याळ थरथरलं. त्यानं बघितलं नाही. बघायची गरजच नव्हती. कानामागे चिकटवलेल्या टिकलीएवढ्या पट्टीनं हिरवा रंग सोडून पिवळा धरला होता, आणि ही बातमी बंगळुरूला, नभोदय एअरलाइन्सच्या कचेरीत एव्हाना पोचलीही असणार.

पिवळा रंग म्हणजे आज विमान चालवायचं नाही. बंगळुरूला पोचेपर्यंत पट्टी पुन्हा हिरवी झाली तर ठीक, नाहीतर तसंच परत फिरायचं. त्याला वाटेत झोपायला मिळालं असतं तर अजूनही जमण्यासारखं होतं. पण काउंटरवरच्या मुलीनं मान हलवली.

"सॉरी सर, एकही सीट रिकामी नाही. कॉकपिटमधली चालेल?"

कॉकपिटमधली म्हणजे जंपसीट. दोन्ही वैमानिकांच्या मागची घडीची तिसरी खुर्ची. पाठ ताठ, पाय आखडलेले. तिथं कोणाला झोप लागल्याचं प्रज्ञेशनं आजवर ऐकलं नव्हतं.

"चालेल," तो म्हणाला. न चालवून सांगतो कोणाला?

प्रज्ञेश राहायचा नागपूरला आणि नोकरी करायचा बंगळुरूला. ऐकणाऱ्याला नवल वाटायचं, पण वैमानिकांच्या जगात हे जुनंच होतं. कामावर जायला लोक बस धरतात, तसे कितीतरी वैमानिक विमान धरतात. लग्नानंतर सुरुवातीला त्यानं बंगळुरूला खोली घेऊन बघितली होती. महिन्यातून दोनदा घरी यायचा. एकदा आला तेव्हा त्याची छोटी लेक उत्पला त्याला बघून आईच्या मागे लपली. संघमित्रा, त्याची बायको, काहीच बोलली नाही, आणि तिचं ते न बोलणं त्याला जास्त लागलं. त्यानं खोली सोडली. तेव्हापासून पहाटे उठून नागपूरहून निघायचं, बंगळुरूला विमान ताब्यात घ्यायचं आणि काम संपलं की मिळेल त्या विमानानं घर गाठायचं, असं चाललं होतं. संसार टिकला तो या धावपळीवर.

आणि या धावपळीवर गदा आणणारी ती पट्टी खुद्द संघमित्रानंच शोधली होती.

*

डॉक्टर संघमित्रा मेश्राम मेंदूच्या विकारांची तज्ज्ञ. रात्रपाळी करणाऱ्या निवासी डॉक्टरांच्या हातून चुका का होतात, याचा ती अभ्यास करत होती. झोप ही घरातला मेन स्विच बंद केल्यासारखी एकदम येते, अशी आपली समजूत असते. तसं नसतं. फार वेळ जागलेल्या मेंदूतल्या पेशी आपापल्या परीनं डुलक्या घेऊ लागतात. इथं चार, तिथं दहा, अर्ध्या सेकंदापुरत्या. माणसाचे डोळे उघडे असतात, तो बोलत असतो, चालत असतो. फक्त त्या अर्ध्या सेकंदात ऐकलेला आकडा मेंदूत उमटतच नाही. घरातली माणसं जागी, पण दारावरचा गुरखा पेंगलेला, तसं काहीसं.

हे इतरांनाही माहीत होतं. संघमित्राला सापडलं ते त्याच्या पुढचं. या डुलक्या सुरुवातीला सुट्या सुट्या असतात, मग त्यांना एक लय येते. ती लय आली की थोड्याच वेळात मेंदूचा मोठा भाग एकदम दांडी मारणार, हे ठरलेलं. कानामागच्या कातडीवरून ती लय टिपता येते. पिवळ्याची रेषा माणसागणिक वेगळी असते, म्हणून प्रत्येकाची पट्टी आधी त्याच्या मेंदूशी जुळवून घ्यावी लागते. लालची रेषा मात्र सगळ्यांची एकच. लाल म्हणजे लय आली. आता हा माणूस कोणत्याही क्षणी कामातून जाणार.

शेतात रात्री जागल करणाऱ्याला जागल्या म्हणतात. संघमित्रानं पट्टीला तेच नाव दिलं.

नभोदयनं जागल्या विकत घेतला आणि धोरण काढलं. विमानानं ये-जा करून कामावर येणाऱ्या प्रत्येक वैमानिकानं घरातून निघतानाच पट्टी लावायची. पिवळी झाली तर ती पुन्हा हिरवी होईपर्यंत काम नाही. एकदा जरी लाल झाली, तरी ये-जा करण्याची परवानगी रद्द. बंगळुरूला राहायला या, नाहीतर राजीनामा द्या. जे बंगळुरूतच राहतात त्यांना पट्टी नाही. ते घरच्या गादीवर झोपून येतात, असं धोरण समितीचं म्हणणं होतं.

"पट्टीला राहण्याचा पत्ता कळत नाही," संघमित्रानं समितीला बजावलं होतं. "लावायची तर सगळ्यांना लावा." समितीनं ऐकून घेतलं आणि बाजूला ठेवलं.

प्रज्ञेशला मात्र तिचाच राग आला होता.

"मला ठीक वाटतं ना, मित्रा! वीस वर्षं उडवून राहिलो मी विमान. माझं मला कळत नाही का?"

"नाही कळत," ती म्हणाली होती. "थकलेल्या मेंदूचा तोच भाग आधी झोपतो, जो सांगतो की तू थकला आहेस. ठीक वाटणं हाच तर रोग आहे."

"थोडी सैल कर पट्टी. पिवळ्याची रेषा जराशी वर सरकव. तुझ्याच हातात आहे."

संघमित्रानं त्याच्याकडे असं बघितलं की तो विषय तिथंच मेला. पण त्या दिवसापासून दोघं एकमेकांशी जपून बोलू लागले होते.

*

कॉकपिटचं दार उघडून प्रज्ञेश आत शिरला आणि डाव्या खुर्चीतल्या माणसाला बघून थबकला. कॅप्टन मोहनीश कारखानीस. त्याला मोठं विमान शिकवणारे हेच, आणि त्या धोरण समितीचे अध्यक्षही हेच. बंगळुरूला विमानतळापासून हाकेच्या अंतरावर त्यांचं घर. आदल्या दिवशी नागपूरला मुक्कामी विमान घेऊन आले होते, आता परत नेत होते.

"ये, मेश्राम. पिवळा का?" त्यांनी हसून विचारलं.

"पिवळा, सर."

"बस मागे. आज आमची सेवा घे."

उजवीकडे सहवैमानिक ईशानी गावडे होती. नोकरीला लागून वर्षही झालं नव्हतं. अजून कायम व्हायची होती.

विमान वर चढलं. सूर्य डाव्या हाताला वर आला. खाली तेलंगणातले तलाव आरशाचे तुकडे टाकल्यासारखे चमकत होते. प्रज्ञेशनं डोळे मिटून बघितले, झोप येईना, पुन्हा उघडले.

"बंगळुरूला धुकं कसं आहे?" कारखानीसांनी विचारलं.

"दाट आहे सर. आपण पोचेपर्यंत उठेल असं वाटत नाही," ईशानी म्हणाली.

"हं."

थोडा वेळ गेला. कंट्रोलनं विमानाला थोडं खाली यायला सांगितलं. कारखानीसांनी आकडा अचूक परत म्हणून दाखवला आणि बटण फिरवून भलताच आकडा लावला, सांगितल्यापेक्षा कितीतरी खालचा. ईशानीनं तो हळूच दुरुस्त केला. त्यांच्या ते लक्षात आलं नाही.

प्रज्ञेश खुर्चीत सावरून बसला.

"बंगळुरूला धुकं कसं आहे?" कारखानीसांनी विचारलं.

ईशानीनं मान वळवली. तिची आणि प्रज्ञेशची नजरानजर झाली. "दाट आहे, सर," ती म्हणाली. आवाज आधीपेक्षा बारीक होता.

कंट्रोलची पुढची हाक आली तेव्हा कारखानीस सरळ समोर बघत होते. डोळे उघडे, हात जागेवर. हाक पुन्हा आली. ईशानीनंच उत्तर दिलं. मग ते एकदम हलले, जसं काही झालंच नव्हतं, आणि कॉफीचा कप उचलला. कप रिकामा होता.

इतक्या दाट धुक्यात विमान उतरवायचं काम नियमानं कॅप्टनचंच असतं. सहवैमानिकाला ते करता येत नाही. धावपट्टी दिसते ती अगदी शेवटच्या क्षणी, आणि उतरायचं की पुन्हा वर उठायचं हे तेवढ्यात ठरवायचं. तेवढा क्षण या माणसाच्या डोक्यात उमटलाच नाही तर?

बोलायचं कसं? आपण इथं पाहुणे. त्यातून पिवळा शिक्का बसलेला पाहुणा. आणि बोलायचं कोणाला, तर आपल्या गुरूला.

त्याचा हात कानामागे गेला. पट्टी निघाली तेव्हा चार केस उपटून आले.

"सर," तो म्हणाला, "खाली उतरायला लागायच्या आधी एक काम करा. ही एकदा कानामागे लावून बघा."

कारखानीस हसले. मग त्याच्या तोंडाकडे बघून त्यांचं हसू मावळलं. "मेश्राम, तू शुद्धीवर आहेस ना? मागे बस, नाहीतर बाहेर जा."

"सर, तुम्ही मघाशी चुकीची उंची लावली."

"काहीतरीच काय!"

आणि मग ईशानी, जिची नोकरी याच माणसाच्या एका शेऱ्यावर कायम व्हायची होती, समोर बघत म्हणाली, "लावली होती, सर. मी बदलली. धुक्याचं पण तुम्ही दोनदा विचारलंत."

कारखानीसांनी पट्टी हिसकावल्यासारखी घेतली. "तुमचं समाधान होऊ दे," म्हणाले आणि कानामागे दाबली.

ती पट्टी लावणाऱ्याला स्वतःला दिसत नाही. त्यांनी वळून ईशानीकडे बघितलं आणि तिच्या चेहऱ्यावरूनच त्यांना कळलं. प्रज्ञेशच्या मनगटावरचं घड्याळ एकदा थरथरलं आणि थरथरतच राहिलं.

लाल.

त्या क्षणी प्रज्ञेशच्या डोक्यात दोन गोष्टी एकदम आल्या. एक, की आपण बरोबर होतो. आणि दुसरी, की पट्टी आपल्या नावाची आहे. कंपनीच्या पडद्यावर आत्ता जे लाल झालं, ते कारखानीस नव्हेत. ते मेश्राम.

कारखानीसांनी स्वतःच्या हातांकडे बघितलं. मग त्यांनी हात मांडीवर घेतले.

"गावडे, विमान तुझ्याकडे. आपण हैदराबादला उतरतोय. तिथं आकाश स्वच्छ आहे. कारण सांग, धुकं."

*

ईशानीनं विमान सुरेख उतरवलं. प्रवाशांना जागेवरच बसवून ठेवलं. धुकं उठलं की याच विमानानं बंगळुरूला जायचं होतं. विमान उभं राहायच्या आत प्रज्ञेशच्या फोनवर निरोप येऊन पडला होता : तुमची लाल नोंद झाली आहे, ये-जा परवानगी या क्षणापासून स्थगित, बंगळुरूच्या कचेरीत हजर व्हा.

तो उघड्या दाराशी येऊन उभा राहिला आणि त्यानं संघमित्राला फोन लावला. कॅप्टनचं नाव तेवढं त्यानं घेतलं नाही. ऐकून ती म्हणाली, "पट्टीनं टिपलेला माग बघायला तुझी परवानगी लागते. देतोस?"

"दिली."

ती तिकडे कळा दाबत होती. त्याला नुसता तिचा श्वास ऐकू येत होता.

"हा तू नाहीस," ती म्हणाली. "चाचण्यांच्या वेळी वर्षभर बघितला आहे मी तुझा मेंदू. हजारात ओळखीन. आणि ऐक, हा जो कोणी आहे, तो अजून लालच असणार. तोंड धुऊन, कॉफी पिऊन ही लय जात नाही. झोपच लागते. कुठं आहे तो?"

"कॉकपिटमध्ये. धुकं उठायला लागलंय. निघायची तयारी चालली आहे."

"मग मी आत्ता कळवते."

"थांब, मित्रा. त्याला स्वतःहून सांगू दे."

"विमानात माणसं बसली आहेत, प्रज्ञेश!"

"मला माहिती आहे. मी बोलतो त्याच्याशी."

"दार लागेपर्यंत," ती म्हणाली. "दार लागायला घेतलं की मी कळवणार. मग कोणाचं काहीही होवो."

कॉकपिटमध्ये कारखानीस एकटेच होते. ईशानी खाली विमानाभोवती चक्कर मारायला गेली होती. त्यांनी तोंड धुतलं होतं, केसांतून पाणी ठिबकत होतं.

"आता ठीक आहे मी," त्याला बघताच ते म्हणाले.

"नाही आहात, सर."

"तुझ्या बायकोचं यंत्र माझ्या डोक्यात काय चाललंय ते सांगणार?" त्यांचा आवाज चढला, आणि लगेच खाली आला. दार उघडं होतं. "तुला काय माहिती, मेश्राम? माझा समीर... बाहेर कोणाला ठाऊक नाही. डोकं ठिकाणावर नाही त्याचं. एकदा गच्चीच्या कठड्यावर चढला होता. तेव्हापासून मी त्याच्या खोलीच्या दाराशी बसतो. कधी त्याची आई, कधी मी. परवा रात्री मीच होतो. काल नागपूरच्या हॉटेलात पडलो, पण डोळा लागेना. फोन वाजेल असंच वाटत राहिलं."

घरच्या गादीवर झोपून येणारा माणूस हा.

"रजा घ्या, सर."

"कारण काय देऊ? पोराची बोंब करू? कागदावर हे एकदा आलं की बापाचं डोकं पण तपासा म्हणतील. आणि आता कळवलं, की आज उडताना लाल होतो, तर माझं लायसन्स जाईल." ते एकदम थांबले. डोळे बारीक करून त्यांनी प्रज्ञेशकडे बघितलं. "माझं नाव लागलं की तू सुटतोस. म्हणून आलास ना?"

बाहेर पायऱ्यांवर पावलांचा आवाज आला. केबिनमधली मुलगी प्रवाशांना पट्टे बांधायला सांगत होती.

आरोप पुरता खोटा नव्हता. नागपूरचं घर त्याच्या डोळ्यांसमोर आलं. आईमागे लपलेली उत्पला आली. मग मागच्या रांगांमधली ती माणसं आली, ज्यांना यातलं काहीच ठाऊक नव्हतं.

"मग लाल माझ्याच नावावर राहू द्या," तो म्हणाला. "मी कुठं काही बोलणार नाही. तुम्ही फक्त आजारी आहात म्हणून सांगा आणि या खुर्चीतून उठा. पण आत्ता. दार लागायच्या आत."

कारखानीस त्याच्याकडे बघत राहिले. ईशानी वर आली आणि दोघांना बघून उंबऱ्यातच थांबली. मागून कोणीतरी विचारलं, "दार बंद करू, सर?"

कारखानीसांचा हात पट्ट्याच्या बकलवर गेला.

"दार बंद करू?"

"नको," कारखानीस म्हणाले. त्यांनी पट्टा सोडला आणि रेडिओ उचलला. "नभोदय कंट्रोल, मला बरं वाटत नाही. मी पुढे उडवू शकत नाही. दुसरा कॅप्टन पाठवा."

उठताना त्यांचा तोल गेला. प्रज्ञेशनं दंड धरला. माणूस खरोखरच हातात लोंबला, इतका दमला होता.

*

"तू माझ्या शोधात खोटं घुसवलंस," संघमित्रा घरी म्हणाली. ओरडली असती तर बरं झालं असतं. "उद्या कोणी पट्टीचे आकडे तपासेल, त्यात एक लाल मेश्रामच्या नावावर असेल, जी मेश्रामची नाही. त्या एका खोट्या आकड्यावरून दहा लोक म्हणतील, पट्टी चुकते."

"त्या माणसाचा मुलगा..."

"कळलं मला. मी बाहेर बोलणार नाही. तुझा माग आहे, तुझी परवानगी लागते. पण तू चांगलं केलंस असं माझ्याकडून म्हणवून घेऊ नकोस." मग बऱ्याच वेळानं, भाजी चिरता चिरता, ती हळू आवाजात म्हणाली, "मुलाला कुठं दाखवलं आहे का त्यांनी? नसेल तर बंगळुरूत माझ्या ओळखीची एक डॉक्टर आहे. पत्ता देऊन ठेव."

प्रज्ञेशनं पत्ता पाठवला. उत्तर आलं नाही.

सुनावणीला संघमित्राही बरोबर आली. पत्नी म्हणून तिला आत सोडलं नाही. ती बाहेर बाकावर बसली. आत लांब टेबलामागे समितीची माणसं होती आणि मधली खुर्ची कारखानीसांची होती. ती रिकामी होती.

"कॅप्टन मेश्राम, लाल नोंदीबद्दल तुम्हाला काही सांगायचं आहे?"

"नाही," प्रज्ञेश म्हणाला.

"म्हणजे तुम्हाला मान्य आहे?"

खोटं बोलायला त्याची जीभ उचलेना. लिहून घेणाऱ्या बाईंनी पेन टेकवलं, तेवढ्यात दार उघडलं.

कारखानीस युनिफॉर्मशिवाय आले होते. साधा शर्ट, साधी चप्पल. ते आपल्या खुर्चीकडे गेले नाहीत. प्रज्ञेशच्या शेजारी येऊन उभे राहिले.

"ती पट्टी माझ्या कानामागे होती," ते म्हणाले. "विमान माझ्या हातात होतं. यानं आणि गावडेनं मला उठवलं, म्हणून तुम्ही मला आज सुनावणीत बघताय, अपघाताच्या चौकशीत नाही." पुढचं बोलायला त्यांना दम घ्यावा लागला. "माझा मुलगा आजारी आहे. मनानं आजारी आहे. मी झोपलो नव्हतो. आपण धोरण लिहिलं तेव्हा कोण किती लांबून येतो ते विचारलं. कोण झोपला आहे, ते विचारलंच नाही. ती चूक सगळ्यांआधी माझी."

लिहिणाऱ्या बाईंचं पेन तेवढं चालत होतं.

निकाल दुपारी लागला. लाल नोंद प्रज्ञेशच्या नावावरून निघाली. आपली पट्टी दुसऱ्याला लावल्याबद्दल त्याला लेखी ताकीद मिळाली. कारखानीसांना लांबच्या रजेवर पाठवलं. लायसन्सचं काय ते वैद्यकीय मंडळ ठरवणार होतं. पट्टी सगळ्यांना लावायचा ठराव समितीपुढे आला, आणि ही बातमी बाहेर फुटताच बंगळुरूच्या वैमानिकांनी प्रज्ञेशशी बोलणं टाकलं. एकटी ईशानी जिन्यात भेटली. "सर, माझी पट्टी मी आजच मागितली," म्हणाली आणि घाईनं निघून गेली.

नागपूरच्या विमानाची वाट बघत प्रज्ञेश आणि संघमित्रा काचेशी बसले होते. कारखानीसांचा निरोप आला होता : तुमच्या डॉक्टर बाईंकडे समीरला नेलं. तो चक्क बोलला त्यांच्याशी.

संघमित्रानं तो दोनदा वाचला आणि फोन परत दिला.

"एक सांगू?" ती म्हणाली. "लाल तुझी नव्हती. पिवळी मात्र तुझीच होती."

प्रज्ञेश बाहेर बघत होता. त्या दिवशी ईशानीनं दुरुस्त केलेला आकडा आपल्याला दिसला. पण आपल्याला न दिसलेलं काही राहिलं होतं का, हा प्रश्न तेव्हापासून त्याच्या मनातून जात नव्हता.

"माहिती आहे," तो म्हणाला.

"मग?"

"आदल्या दिवशीच येत जाईन इकडे. रात्रभर झोपून मग विमान घेईन. घरची एक रात्र कमी होईल प्रत्येक वेळी."

तिनं आपला हात त्याच्या हातावर ठेवला. कितीतरी दिवसांनी.

"उत्पलाला तूच सांग," ती म्हणाली.

त्यानं फोन लावला. उत्पलानं सगळं ऐकून घेतलं.

"म्हणजे रविवारी संध्याकाळी पण तू नाहीस?"

"नाही, बाळा."

मागे टीव्ही चालू असल्याचा आवाज येत होता.

"बरं," ती म्हणाली. "पण तिथं झोपशील ना नक्की? की मोबाइल बघत बसशील?"

"झोपीन," प्रज्ञेश म्हणाला.